गजाकाका, पावसाचं बेट आणि सामाईक विहीर

माझ्या संगणक वर्गातल्या तीन नंबरच्या कॉम्प्युटरवर एक म्हातारा राजा थांबलेला आहे. तब्येत खालावलेली, मुलगे दोन, दोघं जिवंत, दोघांत अजून भांडण नाही. एक बटण दाबलं की त्याचे दिवस पुढे सरकू लागतील. गजाकाकांनी ते दाबलं नाही आणि ते गेल्यावर मीही दाबलेलं नाही. यात हळवेपणा नाही. त्या मशीनचा पंखा घरघरतो, म्हणून तिथे तसंही कुणी बसत नाही.

गजानन दिवेकर. श्रीवर्धनात सगळे त्यांना गजाकाका म्हणत, मीही तेच म्हणायची. माझा वर्ग आणि त्यांची सुपारीची वाडी यांच्यामध्ये एक गडगा आहे, दगडावर दगड रचलेला. त्यामुळे शेजारी म्हणूनच ओळख. त्यांची सगळी नोकरी जमीन मोजणी खात्यात झाली. तळा गावापासून आमच्या किनाऱ्यापर्यंत ज्या घरात वाटणी झाली, त्या घराच्या बांधावर गजाकाका कधी ना कधी उभे राहिलेले. निवृत्त झाल्यावरही लोक बोलवायचेच. दोन भाऊ एकमेकांचं तोंड बघत नसले तरी दोघं गजाकाकांच्या मागून मुकाट चालत. काका मोठ्याने बोलत नसत, कुणाची बाजू घेत नसत. फक्त छत्री डोळ्यासमोर उभी धरायची, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचं, "हं, बघूया."

ती छत्री उन्हाळ्यात, हिवाळ्यातही हातात असे. लग्नाला गेले तरी अक्षता पडल्यावर आधी मांडवाच्या मागे जात, शेजारच्या कुंपणाला हात लावून येत आणि मग पंगतीला बसत. एकदा माझ्या नव्या फाटकाकडे छत्री रोखून त्यांनी डोळा मिटला. "सुलभा, तुझा उजवा खांब मंगेशच्या हद्दीत वीतभर आलाय गो."

"मग काढू का?"

"नको. मला माहीत असलेलं बरं, एवढंच."

मंगेश त्यांचा धाकटा मुलगा. वाडी तोच बघायचा. थोरला सुधीर पनवेलला, त्याच्या ट्रक चालवण्याच्या धंद्यात. मोठ्या वादळात वाडी अक्षरशः झोपली. सुपारीच्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या. घरावरची कौलं उडाली, ती सुधीरने पैसे पाठवून नवी घातली. मंगेशने मागच्या अंगाला नवी रोपं लावली आणि सहा-सात वर्षं धीर धरायला बसला, कारण पोफळ त्याच्या आधी काही देत नाही. पुढची समुद्राकडची बाजू ओसाडच राहिली. सुधीरचं म्हणणं, तिथे पर्यटकांसाठी खोल्या काढू. मंगेशचं म्हणणं, आधी झाडं. दोघांचंही चूक नव्हतं. तीच तर पंचाईत होती.

ज्याने सगळ्या तालुक्याची वाटणी केली, त्याने स्वतःच्या घरी मात्र मोजणीची साखळी टाकली नव्हती. मुलांचे फोन लागले आणि आवाज चढले की गजाकाका छत्री घेऊन गडग्याला वळसा घालून माझ्या वर्गात येत. "विजेचं बिल काढून दे" म्हणत. बिल महिन्यातून एकदाच येतं. ते आठवड्यातून चारदा येत.

तसेच एका दुपारी आले आणि तीन नंबरच्या पडद्यासमोर थबकले. पडद्यावर नकाशा होता.

"हा मुलूख कुठला?"

मी सांगितलं की हा खेळ आहे. वर्गातल्या एका मुलीने उतरवून ठेवला होता आणि ती मुंबईला शिकायला निघून गेली. आठ-नऊशे वर्षांपूर्वीचा युरोप. आपण एक सरदार घ्यायचा, लग्नं लावायची, मांडलिक सांभाळायचे, लढाया करायच्या, मुलखाची वाढ करायची. मूळ खेळ फुकट, वरचे तुकडे विकतचे.

"फुकट?" त्यांनी चष्मा वर केला. "फुकटात मोजणी कोण करून देतो?"

पण बसले. सरहद्दीवरून माऊस फिरवत राहिले. एक हद्द नदीच्या मधोमध गेली होती, तिथे थांबले. "बरोबर आहे. नदीच्या मध्यावरूनच जाते. ज्याने केलंय त्याला कळतं काहीतरी."

मला खेळांची आवड नाही. पण माणूस काही शिकायला बसला की मला गप्प राहवत नाही, तो माझा धंदाच आहे. म्हणून त्यांच्यासाठी मी आधी तो खेळ स्वतः उलगडून पाहिला आणि दोन वेळा राज्य घालवलं. इतकी बटणं, इतक्या खिडक्या, बारीक इंग्रजी. नवीन माणूस पहिल्या दिवशीच पळतो. मी त्यांना एवढंच सांगितलं, की आधी सगळं थांबवून ठेवायचं. हे लांब आडवं बटण दाबलं की काळ थांबतो. मग आपलं घर बघायचं: बायको कोण, मुलं किती, शेजारी कोण, कुणाचा कशावर दावा. नवख्याने मोठा राजा घ्यायचा नाही. पश्चिमेला पावसाचं एक बेट आहे, तिथला एका मुलखाचा सरदार घ्यायचा.

"थांबतो?" काकांना बाकीचं काही ऐकू आलं नव्हतं. "काळ थांबतो?"

त्यांनी बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. कोपऱ्यातली तारीख चालायची, थांबायची. "हे बटण चांगलंय गो," ते म्हणाले.

बेटही त्यांना आवडलं. पाऊस, गुरं, खाड्या, पलीकडच्या तीरावर चुलतभाऊ आणि त्याचा आपल्या जमिनीवर डोळा. "हे तर आपलंच," म्हणाले. इंग्रजी सरकारी नोकरीतलं होतं, ते पुरलं. दावा, वारस, मांडलिक हे शब्द कळायला त्यांना माझी गरज पडली नाही.

मात्र खेळले ते अगदी आमच्या गावच्या रीतीने, आणि म्हणून हरले. मुलीचं लग्न ठरवायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, लांबच्या मोठ्या राजाकडे द्या, लढाईत त्याचं सैन्य धावून येईल. काकांनी खाडीपलीकडच्या एका फाटक्या सरदाराला दिली.

"अहो, त्याच्याकडे सैन्य नाही!"

"नसू दे. सणाला होडीने येऊन जाईल पोरगी. त्या लांबच्या ठिकाणाहून कोण येणार बाळंतपणाला?"

पुढच्याच वर्षी चुलतभावाने हल्ला केला. मदतीला कोणी आलं नाही. पोरगीही आली नाही, कारण खेळात माहेरपण नावाची गोष्टच नाही.

हेर नेमायलाही ते तयार नव्हते. "चहाड्या सांगणारा माणूस घरात ठेवायचा आणि वर त्याला मानाची खुर्ची द्यायची?" ती खुर्ची त्यांनी रिकामी सोडली. त्यांच्या सरदाराला वहिनीने विष घातलं. पडद्यावर आलेला मजकूर त्यांनी सावकाश वाचला आणि चष्मा पुसत म्हणाले, "परकी नव्हती ना. मग ठीक आहे."

मी हसले, तेही हसले. त्या दिवसांत ते खूप हसायचे. मला वाटलं, म्हाताऱ्याला विरंगुळा सापडला.

मग पहिल्यांदा त्यांचा सरदार अंथरुणावर, म्हातारपणाने मेला. चांगलं राज्य केलं होतं, तीन मुलूख झाले होते. काका समाधानाने मागे टेकले आणि मला म्हणाले, "संपलं. आता बंद कसं करायचं?"

"संपलं नाही. आता तुम्ही तुमचा थोरला मुलगा आहात. त्याच्यापासून पुढे."

"मेल्यावरही आपणच?"

"वारस म्हणून."

"म्हणजे बापाने करून ठेवलेलं आपणच निस्तरायचं," ते म्हणाले. "बरोबर आहे, तसंच असतं." आणि खुर्ची पुढे ओढली.

त्या राज्यात वारशाचा नियम असा की जमीन मुलांत वाटली जाते. थोरल्याला दोन मुलूख आले, धाकट्याला एक. काकांनी मान डोलावली. वाटणी रास्त होती. थोड्याच वेळात पडद्यावर खबर आली की धाकटा भाऊ सैन्य जमवतोय, त्याचा बापाच्या सगळ्या जमिनीवर दावा आहे. खेळ विचारत होता, काय करणार? लढणार की शरण जाणार?

काकांनी थांबण्याचं बटण दाबलं. बराच वेळ दोन्ही भावांची चित्रं बघत बसले. मग उठले आणि चालू लागले. छत्री टेबलाला टेकलेली तशीच राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

छत्री घेऊन मी त्यांच्या घरी गेले. काकू ओटीवर सुपाऱ्या निवडत होत्या.

"काय करतात गो हे तुझ्याकडे?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. कुसुमकाकू बोलायला फटकळ. "अस्सं. खेळण्यातलं राज्य वाटतायत. इथलं कोण वाटणार?" मग सूप बाजूला सारून म्हणाल्या, "पनवेलच्या डॉक्टरने सांगितलंय, हृदयाची झडप निकामी होत चाललीय. ऑपरेशन झेपायचं नाही या वयाला. दोघांना बसवून वाटणी करा म्हणून मी रोज सांगते. रोज एकच उत्तर."

"बघूया," मी म्हटलं.

"तेच. सगळ्या गावाला हद्द आखून देणारा माणूस. स्वतःच्या घरात पाऊल टाकवत नाही."

त्यानंतर त्यांचा खेळ बदलला. मुलूख वाढवणं त्यांनी सोडून दिलं. तोच सरदार, तेच बेट, पुन्हा पुन्हा पहिल्यापासून. दर वेळी एकच गोष्ट बघायची होती: बाप मेल्यावर मुलगे भांडत नाहीत असं कसं करायचं. एकदा सगळं थोरल्याला दिलं. धाकट्याने थोरल्याच्या पोराला मारेकरी घातला. एकदा जिवंतपणीच धाकट्याला जमीन दिली, तर थोरला बापावरच रुसला. एकदा दोघांची लग्नं सख्ख्या बहिणींशी लावली. काही उपयोग नाही. कधी पाच वर्षं शांततेत गेली, कधी पाच महिने.

मी म्हटलं, "काका, हा खेळच भांडणाचा आहे. भांडले नाहीत तर खेळणार काय?"

"तसं नाही." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "यांच्यात सामाईक काही नाहीच बघ. एक तर याचं, नाहीतर त्याचं. आपल्याकडे कितीही तुकडे केले तरी विहीर सामाईक ठेवतात. आज तुझी पाळी, उद्या माझी. माझ्या नोकरीत मी शंभर घरं तोडली असतील, विहीर एकही तोडली नाही. पाण्यासाठी तरी एकमेकाला हाक मारावी लागते. यात ती सोय कुठाय?"

मी सगळ्या खिडक्या शोधून पाहिल्या. ती सोय नव्हती.

"मग यांच्या घरात भांडणं होणारच," काका म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर, कितीतरी दिवसांनी, काहीतरी सापडल्याचा भाव होता. मला तो आवडला नाही. का ते मी त्यांना तिथल्या तिथे सांगितलं. "काका, रहाट होता तेव्हाची गोष्ट वेगळी. बैलाने ओढलं तेवढंच पाणी. आता मोटर आहे. मालक दोन झाले की मोटरी दोन होतील."

"बघूया," ते म्हणाले. पण या वेळी खरोखरच घरी जाऊन त्यांनी सुधीरला बोलावून घेतलं.

वाटणीच्या दिवशी मी गडग्याच्या अलीकडे कपडे वाळत घालत होते, सगळं दिसत होतं. काकांनी मापं स्वतः घेतली. दर थोड्या वेळाने थांबून छातीवर हात ठेवत आणि छत्री डोळ्यासमोर धरल्याचं सोंग करत. समुद्राकडचा ओसाड भाग सुधीरला, रोपांचा भाग मंगेशला. मध्ये विहीर. तिच्यापाशी आल्यावर त्यांनी खुंटी ठोकली नाही.

"विहीर दोघांची. एकाआड एक दिवस. वर्षाला पाळी बदलायची."

"बाबा, प्रॅक्टिकली विचार करा ना," सुधीर म्हणाला. "गेस्ट असले की पाणी रोज लागणार. मी माझी बोअर मारतो, टेन्शनच नको."

"समुद्राकडे बोअर मारलीस तर खारं लागेल. ही एकच गोडी विहीर आहे."

"आणि माझी झाडं?" मंगेश म्हणाला. "लहान रोपाला एक दिवस चुकलेला चालत न्हाय उन्हाळ्यात. दादाला काय, तो पनवेलला बसणार."

"म्हणून तर विचारायचं एकमेकांना," काका म्हणाले. "फोन करायचा."

दोघंही गप्प झाले. बापाची तब्येत दोघांना माहीत होती. ते गप्प बसणं काकांनी होकार मानलं. मोजणीत अशी चूक त्यांनी कधी केली नसती.

काही महिने बरे गेले. काका वर्गात येऊन एकच डाव खेळायचे, सावकाश. सरदाराचा आता राजा झाला होता, म्हातारा झाला होता. दोन मुलगे, दोघांना बरोबरीची जमीन. "आता बघ," म्हणायचे. मग राजाला आजार जडल्याची खबर आली आणि काकांनी खेळ थांबवला. दुसऱ्या दिवशी आले, पडदा सुरू केला, थांबलेल्या राजाकडे बघितलं, चहा घेतला, गेले. तिसऱ्या दिवशी तेच.

"चालू करा की," मी म्हटलं.

"घाई काय आहे त्याला?"

तोपर्यंत सुधीरच्या खोल्या झाल्या होत्या. पर्यटक येऊ लागले होते आणि पर्यटकांना पोहायला हौद लागत होता. समोर अख्खा समुद्र असताना माणसांना हौद का लागतो हे मला कळलेलं नाही, पण लागतो. हौदासाठी विहिरीवर दुसरी मोटर बसली. मंगेश आपल्या पाळीच्या दिवशी गेला की पाणी तळाला गेलेलं असायचं, म्हणून त्याने मोठी मोटर आणली. ती बघून सुधीरच्या माणसाने भल्या पहाटे पाणी चढवायला सुरुवात केली. फोन कोणी कोणाला करत नव्हतं. उन्हाळा सरत आला तेव्हा मंगेशच्या पोफळींच्या झावळ्या टोकाकडून पिवळ्या पडू लागल्या. विहिरीचं पाणी मचूळ झालं होतं. गोडं पाणी उपसून काढलं की खालून समुद्र येतो. किनाऱ्यावर हे पोरासोरांना माहीत असतं.

काका वर्गात येईनासे झाले. मी एकदा भेटायला गेले तर ओटीवर भिंतीला टेकून बसले होते, छत्री मांडीवर आडवी.

"तू म्हणाली होतीस," ते म्हणाले.

"मी काही फार शहाणी नाही. मोटरी दिसत होत्या, एवढंच."

"माझंच गणित जुनं निघालं. मला वाटलं, विहीर माणसांना धरून ठेवते." जरा दम घेऊन पुन्हा म्हणाले, "नाही गो. रहाट धरून ठेवत होता."

ते श्रावणात गेले. ओटीवरच्या त्या भेटीनंतर त्यांच्याशी माझं बोलणं झालं नाही. पण जाण्याआधी, पाऊस लागायच्या थोडं अलीकडे, मला ते एकदा दिसले होते. माझ्या डोक्यात गजाकाका म्हटलं की तेच येतात.

भर दुपार. गडग्यापलीकडून आरडाओरडा ऐकू आला म्हणून मी बाहेर गेले. सुधीर पनवेलहून आलेला, त्याच्या खोल्यांत पाहुणे भरलेले आणि नळ कोरडे. मंगेश हातात फावडं घेऊन उभा. दोन्ही मोटरी बंद. आणि विहिरीच्या कठड्यावर, इतकं चालायची डॉक्टरांची परवानगी नसताना, गजाकाका बसलेले. दोन्ही मोटरींचे चिनीमातीचे फ्यूज त्यांनी काढून सदऱ्याच्या खिशात घातले होते. खिसा ओझ्याने लोंबत होता.

"बाबा, फ्यूज द्या. लोक ओरडतायत माझ्या नावाने."

"बाबा, माझी झाडं मरतायत."

"सगळं थांबवलंय," काका म्हणाले. "पाणी वर येऊ दे."

"असं किती वेळ बसणार?" सुधीरने विचारलं. फ्यूज बाजारात कुठेही मिळतो. दोघांपैकी कोणीही जाऊन आणू शकला असता. वायर बांधूनही मोटर चालली असती. पण त्या दुपारी दोघांतलं कोणी जागचं हललं नाही. सुधीर कठड्याच्या एका बाजूला टेकला. थोड्या वेळाने मंगेशने फावडं टाकलं आणि दुसऱ्या बाजूला बसला. मधे बाप.

घरातून काकू आल्या. त्यांनी एक दोरी बांधलेली बादली कठड्यावर ठेवली आणि परत गेल्या.

काकांनी बादली सोडली. त्यांना ओढवेना, तेव्हा दोघांनी एकाच वेळी दोरीला हात घातला. बादली वर आली. काकांनी ओंजळीत पाणी घेऊन तोंडात धरलं, गिळलं. बादली सुधीरपुढे सरकवली. त्याने चूळ भरून थुंकलं.

"मचूळ आहे."

बादली मंगेशकडे गेली.

"मचूळच हाय," तो म्हणाला.

काकांनी छत्री उचलली, विहिरीच्या तोंडावर आडवी धरली, एक डोळा मिटला आणि आत, खोल, पाण्याच्या कडेकडे बघत राहिले.

"बघूया," ते म्हणाले. पण दुसरा हात खिशावर होता, आणि तो त्यांनी काढला नाही.